गाठोडं पिळायचं नाही

ओल्या फडक्यात बांधलेलं काहीही टांगलेलं दिसलं, की आमच्याकडच्या बाईचा हात आपोआप पुढे जातो आणि ते पिळून मोकळा होतो. त्यात तिचा दोष नाही. जन्मभर दही बांधायचं, पाणी काढायचं, पाणी टाकायचं आणि चक्का ठेवायचा, हेच हातांना ठाऊक. फडक्यातला गोळा टाकायचा आणि खाली गळलेलं पाणी जपायचं, असं उलटं कुणी सांगितलं तर डोक्याला कळतं, हाताला कळत नाही.

आम्हाला ते तालुक्याहून आलेल्या बाईंनी सांगितलं. सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव साल असेल. तळेघरच्या खालच्या अंगाला आमचं गाव. महिला मंडळ नवीन निघालेलं, म्हणून घोडेगावहून फळांचे पदार्थ शिकवायला एक बाई आल्या. येताना तयार जेलीची बाटली घेऊन आल्या होत्या. ती त्यांनी उन्हात धरली, तर आत लाल दिवा लावल्यासारखी दिसली. मग आमच्यासमोर करवंदं शिजवून घोटली, फडक्यात बांधून टांगली आणि म्हणाल्या, "आता याला हात लावायचा नाही. दाबायचं नाही, पिळायचं नाही. थेंब आपला आपण पडू द्यायचा. पिळलंत की चोथा उतरला आणि जेली गढूळ झाली."

एवढ्यात एसटीचा हॉर्न वाजला. आमच्याकडे ती एकच गाडी. बाई पिशवी उचलून पळाल्या. गाठोडं राहिलं टांगलेलं आणि आम्ही पंधरा-वीस जणी त्याच्याभोवती. गाडी वळणापलीकडे जाते न जाते तोच कोंडाबाईने ते पिळलं.

"अगं, नको म्हटलं ना त्यांनी!" मी ओरडले.

"थोडंच गं," कोंडाबाई म्हणाली, "लई गळत व्हतं. बघवंना."

ते ऐकून साळुबाई हसायला लागली आणि तिथून सगळी गोष्ट सुरू झाली.

साळुबाई माझी धाकटी जाऊ. तिचं हसू म्हणजे डोंगरावरून सुटलेला धोंडा, एकदा सुटला की वाटेतलं सगळं घेऊन खाली येणार. ती हसली की मी हसायची, मी हसले की केशरबाई डोळे पुसायला लागायची. केशरबाई आमच्या मंडळाची सेक्रेटरी, नवरा खंडू पोस्टात. ती इतर वेळी अगदी गंभीर बाई, पण साळूपुढे तिचंही काही चालायचं नाही. अडचण एवढीच की मंडळ बसायचं आमच्या ओट्यावर, आणि आत आमच्या सासूबाई असायच्या. ठकूबाई त्यांचं नाव. आम्ही त्यांना आत्याबाई म्हणायचो. आत्याबाईंना बायकांचं हसणं खपायचं नाही. आतून आवाज यायचा, "काय दात पडल्यात का सापडल्यात?" की सगळ्या चिडीचूप. साळू पदराचा बोळा तोंडात कोंबून गोठ्यात पळायची आणि म्हशीच्या पाठीवर डोकं ठेवून राहिलेलं हसून यायची. एकदा तर हसू दाबता दाबता तिला घेरी आली. त्या दिवशी ती मला म्हणाली, "आक्का, मला काय नको. दागिना नको, लुगडं नको. दार लावून पोटभर हसाया एक खोली पायजे."

खोली होती. मारुतीच्या देवळाला लागून ग्रामपंचायतीची खोली. पण तिथे गावातले पुरुष पत्ते कुटायचे. म्होरक्या कुंडलिक, आणि त्याच्या मांडीला मांडी लावून आमचे मालक.

जेलीचा कार्यक्रम झाला त्याच आठवड्यात गावाची सभा होती. साळुबाई उभी राहिली आणि सरळ म्हणाली, "गेणभाऊ, ती खोली मंडळाला द्या."

गेणभाऊ सरपंच. चांगला माणूस, पण शेवटी जो बोलेल त्याचं त्याला पटायचं. तो म्हणाला, "द्यायला हरकत न्हाई."

"अशी कशी हरकत न्हाई?" कुंडलिक उठला. "मंडळ करतं काय? नुसतं खिदळतं."

"आमी जेली करतो," केशरबाई म्हणाली.

"ती काय असती?"

"ती थरथरती, पण व्हात न्हाई. आन् तिच्यातनं आरपार दिसतं."

सगळे पुरुष हसले. कुंडलिकने शर्टाच्या खिशातून पत्त्यांचा जोड काढला. तो जोड त्याच्या छातीशी कायम असायचा. "ठरलं तर मंग," तो म्हणाला. "पुढच्या शनवारी जेली आणा. काचेच्या बशीवर वाटी उपडी करा. बशीखाली मी एक पान ठेवीन. जेलीतनं बघून गावातल्या कुणीबी ते पान वळखलं, तर खोली तुमची. न्हाई वळखता आलं, तर परत खोलीचं नाव काढायचं न्हाई. काय गेणभाऊ?"

"हरकत न्हाई," गेणभाऊ म्हणाला.

घरी आल्यावर आमचे मालक मला म्हणाले, "कशाला नसत्या भानगडी? खोली गेली तर आमी कुठं बसायचं?"

"शेतात," मी म्हणाले.

नशिबाने आत्याबाई तेव्हा त्यांच्या माहेरी, आण्याला, भाच्याच्या लग्नाला गेल्या होत्या. त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. त्यांच्यापासून लांब बसायलाच तर खोली हवी होती. ते त्यांना सांगणार कुणी?

पहिल्या खेपेला आम्ही वरच्या रानात जाऊन पाट्या भरून करवंदं आणली. काळी पिकलेली आणि थोडी लाल, कच्चीही, कारण कच्च्यात जेली धरायची ताकद असते. बोटं चिकाने चिकटली, ओठ काळे झाले, साळूने तर आणली त्यापेक्षा जास्त खाल्ली. शिजवली, घोटली. फडकं मऊ आणि मोठं हवं, म्हणून मी मालकांचं नवं धोतर काढलं. ते जांभळं झालं ते कायमचं. पुढे कितीतरी वर्षं मालक ते नेसून चिखलणी करायचे आणि लोक विचारायचे, "पावणं, रंगपंचमी कवा झाली?"

चक्का टांगायच्या खुंटीला गाठोडं टांगलं, खाली पातेलं ठेवलं. आणि मग आख्खा गाव आमच्या पडवीतून गेला. कुणी विरजण मागायला, कुणी विळा मागायला. जी येई ती गाठोड्याशी बोलता बोलता हात पुढे करी. मी एकीला हाकललं की दुसरी मागून यायची. कोंडाबाई जाताना एकदा आणि परत येताना एकदा दाबून गेली.

जेली झाली ती चिखल. मालकांच्या उशाखालच्या जोडातलं एक पान मी गुपचूप काढून आणलं आणि बशीखाली ठेवलं. पान दिसेना, बशी दिसेना. नदीच्या पुरात टाकल्यासारखं गेलं सगळं.

"ह्याच्यातनं म्हैस बी दिसायची न्हाई," साळू म्हणाली, आणि आम्ही जमिनीवर बसून हसलो. हसण्यासारखं काही नव्हतं, तरी हसलो. पान परत ठेवायचं मी विसरले. दुसऱ्या दिवशी खोलीत नेमका मालकांचा जोड निघाला, दुपारभर एक पान कमी घेऊन डाव चालला, आणि कुंडलिक व मालक एकमेकांचे खिसे चाचपत होते असं नंतर कळलं.

शुक्रवार उजाडला. परत करवंदं, परत चूल, परत तेच धोतर. या वेळी मी आणि साळू दोघी गाठोड्यापाशी बसूनच राहिलो. पडवीच्या दाराला आडवी बाज लावली. कोंडाबाई आली तर बाहेरूनच बोलायला लावलं. दुपार कलेपर्यंत पातेलं अर्धं भरलं. काळसर लाल, घट्ट, बघतच राहावं असं. एक हात लागला नव्हता.

तेवढ्यात आमची म्हैस दावं तोडून शेजारच्या वालांच्या वेलात शिरली. मी धावले. म्हशीला ओढायला एकटी पुरेना, म्हणून साळूला हाक मारली. म्हैस ऐकेना. साळूने तिचं शेपूट धरलं, म्हैस निघाली, साळू तिच्यामागे फरफटत गेली, आणि फरफटतानाही हसत होती. तिला उठवून, म्हशीला बांधून आम्ही परत येतो तर बाज बाजूला सारलेली.

आत्याबाई आल्या होत्या. दुपारच्या एसटीने. पिशवी अजून काखेतच. गाठोडं खुंटीवर नव्हतं. ते जमिनीवर होतं, त्यावर आमचा पाटा, पाट्यावर वरवंटा, आणि वरवंट्यावर आत्याबाईंचा पाय.

"दोघी कुठं उंडारत व्हत्या?" त्या म्हणाल्या. "पाणी किती साचलं व्हतं! मी नसते आले तर चक्का आंबला असता. आन् दह्याला ह्यो रंग कसला आलाय गं? म्हस काय खाती?"

मी रिकाम्या पातेल्याकडे पाहिलं. मग विचारलं, "आत्याबाई, पाणी कुठंय?"

"कोंड्यात कालवलं. म्हशीच्या."

आम्ही गोठ्याकडे पाहिलं. नुकतीच बांधलेली म्हैस घमेल्यात तोंड घालून उभी होती. तिने मान वर केली तर नाकापर्यंत लाल, एखाद्या नवरीने विडा खावा तशी. आणि चेहऱ्यावर असं समाधान, की मी तिला आयुष्यात तसं कधी पाहिलं नव्हतं.

मला वाटलं साळू हसणार. पण साळू मटकन खाली बसली आणि रडायला लागली. तिला रडताना मी त्या घरात पहिल्यांदा पाहत होते. आत्याबाईही चपापल्या. त्यांनी वरवंट्यावरून पाय काढला.

"काय झालं गं? दहीच व्हतं ना?"

"न्हाई वो," साळू हुंदके देत म्हणाली. "जेली व्हती. खोलीसाठी व्हती."

"कसली खोली?"

"हसायची."

मग सगळंच सांगावं लागलं. सभा, पान, कुंडलिक, उद्याचा शनिवार. आत्याबाई ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हंजी मी घरात असले की तुमाला हसू येत न्हाई?"

"येतं, आत्याबाई," साळू नाक पुसत म्हणाली, "भाईर पडत न्हाई."

गोठ्यात म्हैस अजून घमेलं चाटत होती. तेवढ्यात केशरबाई साखरेचा डबा घेऊन आली. तिने पाट्याखालचं गाठोडं बघितलं, आमची तोंडं बघितली, म्हशीचं तोंड बघितलं आणि तिला सगळं कळलं. रानात जाऊन परत करवंदं आणायला वेळ नव्हता, जवळच्या जाळ्या आम्हीच ओरबाडून ठेवल्या होत्या.

"चोथा तर हाय," केशरबाई म्हणाली. "च्याची पत्ती आपण दुसऱ्यांदा उकळतोच की. घाला पाणी."

दुसरं काही सुचत नव्हतं म्हणून घातलं. चोथा परत उकळला, परत बांधला, परत खुंटीला टांगला. थेंब पडायला लागला. फिका होता, गुलाबी. पण साळूचा धीर सुटलेला. "कुणीतरी येऊन पिळणारच," ती म्हणाली.

"कोण पिळतंय बघते," आत्याबाई म्हणाल्या. त्यांनी पाट ओढला, गाठोड्याखाली बसल्या आणि मांडीवर काठी घेतली.

त्या संध्याकाळची मजा काय सांगू! कोंडाबाई आली, सवयीने हात पुढे, आणि मनगटावर फाट! "बया गं! ठकूआत्या, कवा आलात?" "तुझा हात यायच्या आधी." मग दोघी-तिघी आल्या, त्यांनाही तोच प्रसाद. दिवे लागायच्या सुमारास खुद्द गेणभाऊ आला, तयारी कुठवर आली ते बघायला. "ह्यो चक्का का?" म्हणत त्याने गाठोड्याला बोट लावलं मात्र! सरपंचाला काठी बसलेली मी तेव्हाच पाहिली.

"आत्या, मी सरपंच हाय!"

"मंग सरपंचावानी हात मागं ठेव."

"हरकत न्हाई," गेणभाऊ बोट चोखत म्हणाला.

पण खरी मजा आत्याबाईंचीच होती. थेंब पडायचा, त्या गाठोड्याकडे बघायच्या, उजवा हात हळूच उचलायचा, डाव्या हाताने त्या तो धरून खाली आणायच्या. शेवटी म्हणाल्या, "थोरले, मला लसूण दे सोलाया. न्हाईतर मीच पिळीन." आम्ही टोपलीभर लसूण दिला. पुढे पंधरा दिवस घरात लसणीची चटणीच चालू होती.

रस निघाला तो थोडा, पण नितळ. साखर, लिंबू घालून चुलीवर ठेवला. बाई पिशवी उचलता उचलता सांगून गेल्या होत्या तसं चमच्यावरून थेंब न पडता पापुद्रा लोंबेपर्यंत आटवला, तसा गुलाबीचा लाल झाला, आणि एका वाटीत ओतून झाकून ठेवला.

सकाळी मारुतीपुढे सगळा गाव. काचेची बशी केशरबाईची. साळूने वाटी उपडी केली, बुडावर दोनदा टिचकी मारली, आणि जेली बशीवर उतरली. उभी राहिली. थरथरली. वाहिली नाही. साळूने तिच्याकडे पाहिलं आणि तिचं पोटही तसंच थरथरायला लागलं. मी तिचा हात दाबला, "आत्ता नको, मुडदे!"

कुंडलिकने जोडातली पानं चाळून चाळून एक काढलं आणि बशीखाली सरकवलं. त्याच्या मिशीतलं हसू मला बरं वाटलं नाही.

गेणभाऊ वाकला. "कोरं हाय," तो म्हणाला.

"कोरं पान असतंय व्हय?" केशरबाई म्हणाली. "चष्मा लावा."

त्याने चष्मा लावला. "काय तरी हाय. पर ठिपका दिसंना."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. जेली लाल, म्हणून कुंडलिकने मुद्दाम लाल पान निवडलं होतं. लालात लाल विरघळलं. मालकांना विचारलं तर ते मारुतीकडे बघायला लागले. एकेक पुरुष येऊन वाकायचा आणि "कोरंच हाय राव" म्हणून बाजूला व्हायचा. खोली कुणाला सोडायची होती? आणि आम्हा बायकांना पत्त्यांतलं काय कळतं! कोंडाबाई वाकली आणि म्हणाली, "मला बाई दिसती एक."

"कोणची बाई?" कुंडलिक म्हणाला. "नाव सांगा तिचं."

पुरुष खो खो हसले. साळूचा चेहरा उतरला. तिने बशीकडे पाठ फिरवली.

"सरका," मागून आवाज आला.

आत्याबाई काठी टेकत पुढे आल्या. वाकल्या. एका डोळ्याने बघितलं, मग दुसऱ्या. जेलीला बोटाने जराशी टिचकी मारली, ती हलली, त्यांनी परत बघितलं.

"काळं असतं तर ठिपका उठून दिसला असता," त्या म्हणाल्या. "म्हंजी लाल. चौकट असती तर टोक दिसलं असतं. हितं वर दोन गाल दिसत्यात. बदाम. हातात फूल हाय, दाढी न्हाई. बदामाची राणी. काढ पान, कुंडलिक."

कुंडलिकने काढलं नाही. गेणभाऊने काढलं. बदामाची राणीच होती.

कुणाला आधी हसावं हे कळेना. मालक तर आ वासून आपल्या आईकडे बघत होते. "आये, तुला पत्ते येत्यात?"

"आण्याला आमी पोरी श्रावणात मेंढीकोट खेळायचो. माझा हात कुणी धरत नव्हतं," आत्याबाई म्हणाल्या. "हितं आले तर तुझा बाप म्हणाला, बायका पत्ते खेळत नसत्यात. मंग कुणाला सांगू?"

"खोली मंडळाची," गेणभाऊ म्हणाला. "हरकत—"

"न्हाई!" सगळ्या बायका एकदम ओरडल्या.

त्याच दुपारी आम्ही खोली झाडली. विड्यांची थोटकं घमेलीभर निघाली. शेणाने सारवली, चटई टाकली, दार लावलं आणि गोल करून बसलो. साळू मधोमध. हवं तितकं हसायला मोकळं रान, आणि एकीलाही हसू येईना. एकमेकींची तोंडं बघत बसलो, वधूपक्षाकडच्या पाहुण्यांसारख्या.

"साळे, हस की," मी म्हणाले.

"असं कसं सांगून येतंय?" ती म्हणाली.

दारावर काठीची थाप पडली. केशरबाईने दार उघडलं तर आत्याबाई. आम्ही पदर सावरून बसलो. त्या आत आल्या, चटईवर ऐसपैस बसल्या, बटव्यातून पानसुपारी काढावी तसा पत्त्यांचा जोड काढला.

"कुंडलिककडनं आणला. त्याला आता काय करायचाय?" पानं पिसत त्या म्हणाल्या. "चौघी लागत्यात. साळे, माझ्याम्होरं बस, तू माझी भिडू. आन् सांगून ठेवते, मी खोटं खेळते. पकडलं तर पकडलं."

पहिल्याच डावात त्यांनी मांडीखाली एक पान दडवलं. साळूने ते बघितलं. भिडूच ती, बोलणार काय? तिने ओठ दाबले, डोळे मिटले, पोट थरथरलं, आणि मग ते सुटलं. भिंतीवरचा मुंगळा पडावा असं हसली. आम्ही सगळ्या तिच्यामागोमाग. आत्याबाई पानं छातीशी धरून आधी रागाने बघत राहिल्या, मग त्यांचीही पाठ हलायला लागली. पडलेल्या दातांच्या फटीतून शिट्टीसारखं हसायच्या त्या. आम्ही ते कधी ऐकलंच नव्हतं.

दार किलकिलं झालं. बाहेर पायरीवर कुंडलिक आणि दोघे-तिघे. आमच्या मालकांनी डोकं आत घातलं.

"आये, एखादा हात कमी पडतोय का?"

"तुझा बाप असता तर हरवाया घेतला असता," आत्याबाई म्हणाल्या. "तू जा, म्हशीला पाणी दाखव."

त्या उठल्या आणि त्यांनी स्वतःच्या हाताने आतून कडी घातली.